भोकरला जायचं पिल्लू

प्रिय सुमन,

तू असताना तुला कधी नावानं हाक मारली नाही, 'अगं, ऐकलंस का'वरच संसार निघाला. आज लिहायला बसलो, कारण तुझा भाऊ माणिक आत्ताच भोकरच्या गाडीनं गेला. जे झालं ते तुला नाही सांगायचं तर कुणाला?

तुझी काळी कुत्री पुन्हा व्याली. तू गेल्यावर तरी ती थांबेल असं वाटलं होतं! एकच पिल्लू जगलं. बाकीची लशीच्या पहिल्या सुईच्या आधीच त्या रक्ताच्या हगवणीनं गेली. फिनेलनं फरशी पुसून पुसून माझे गुडघे गेले. तू हे सगळं हसत कसं करायचीस गं?

उरलेलं माणिकला शेताच्या राखणीला पाहिजे. त्याला तुझा नियम ठाऊक आहे, दुसरी सुई झाल्याशिवाय पिल्लू दाराबाहेर जायचं नाही. लेकीची पाठवणी करावी तशी कुत्र्याची करते म्हणून सगळी गल्ली तुला हसायची.

मागल्या खेपेला तू माहूरला गेलेली बघून त्यानं एक नेलंच. दुसरी सुई मी देतो म्हणाला, अन् दिलीही. पण लशीची बाटली नांदेडहून भोकरपर्यंत, भर उन्हात, शर्टाच्या खिशात आणली! तू तीच बाटली थर्मासात बर्फ घालून, मांडीवर धरून आणायचीस. त्याचं पिल्लू त्याच हगवणीनं गेलं. वर तुलाच म्हणाला, सुई देऊन बी मेलं, मग सुई कशाला?

त्या दिवाळीला तू त्याला ओवाळलं नाहीस. इतकं ताणायला नको होतं गं. पुढची दिवाळी तुला मिळालीच नाही.

आज तो म्हणाला, "दाजी, तुमच्यानं होईना आता. द्या की मला."

खरंच होत नाही. नाही म्हणावं तर पुन्हा त्याचा अपमान. पिल्लासाठी पिशवी आणायला उठलोसुद्धा. मग त्यालाच विचारलं, "तुझ्या अक्कानं दिलं असतं का?"

तो काळीच्या कानातले गोचीड काढत बसला. मग म्हणाला, "न्हाई. वर माझा खिसा तपासला असता."

मोकळ्या हातानं गेला. सुईच्या दिवशी येतो, आपण दोघं पिल्लाला दवाखान्यात घेऊन जाऊ म्हणाला. रागावलेला नव्हता, सुमन. एवढं तुला कळावं.

अन् तू रागावू नको, पण यानंतर काळीचं ऑपरेशन करून आणणार आहे. आणखी पिल्लं पुरणं माझ्यानं होणार नाही.

हे पिल्लू जगवायचं माझ्या हातात नाही. पण अर्धवट पाठवणार नाही. दुसरी सुई होईल, रेबीजची वेगळी होईल, मग तुझ्या वतीनं मीच ते माणिकच्या हातात देईन. अन् त्याला ओवाळीनही, मला जमेल तसं.

तुझा,
बळीराम