खोडलेले ‘परंतु’

आज सकाळी पूजा आटोपून मी एसटीने ठाण्यात खोपटला उतरलो, वकील देवयानीताईंच्या ऑफिसात गेलो आणि दोन वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र त्यांच्यादेखत फाडले. आता मी, महिपत काळुराम देसले, वय ४९, राहणार कल्याण पूर्व, हे नवे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, डोके ठिकाणावर ठेवून लिहीत आहे. मन मात्र ठिकाणावर नाही.

१. बँकेतील ठेवी व माझी पोथी पत्नी रतन हिला.

२. राहते घर रतनच्या पश्चात मुलगी शिवानी हिला मिळावे (येथे एक शब्द खोडला).

जुन्या कागदात होते, ‘घर शिवानीला द्यावे, परंतु तिने इंजिनीअरिंगची पदवी घेतल्यासच.’ बारावीची गुणपत्रिका शोधताना तो तिच्या हाती लागला.

“बाबा, घर मला देताय की इंजिनीअरला?”

“अगं, इतिहासात बीए करून पगार किती मिळेल?”

“मेल्यावर पण माझी ॲडमिशन तुम्हीच घेणार का?”

मी कागदाची घडी घालून तो परत ट्रंकेत ठेवला.

३. मी गावच्या शाळेतला. नोकरी सांभाळून बीए झालो. माजिवड्याच्या कारखान्यात बढतीच्या वेळी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “देसले, तुमचं बीए काय मशीनला वाचून दाखवायचंय?” जागा डिप्लोमावाल्याला गेली. आज त्याचा पगार माझ्या दुप्पट आहे आणि मी अजून स्टोअरमध्येच. शिवानीचेही असेच होईल, ही धाकधूक गेलेली नाही. पण माझा अपमान मी लेकीच्या नावावर लिहून ठेवला होता. गेल्या गुरुवारी देवळात पोथी वाचताना साहेबांचे वाक्य आठवले आणि मी मध्येच थांबलो. समोरची मंडळी पुढच्या ओवीची वाट बघत होती.

साहेबांना माझ्या तेराव्याला बोलावू नये. आलेच, तर पोटभर जेवू घालून पाठवावे.

४. ट्रंकेतले माझे बीएचे प्रमाणपत्र शिवानीला द्यावे.

कलम दोनमध्ये सवयीने पुन्हा ‘परंतु’ लिहिले गेले होते. ते मीच खोडले. शेजारी माझी सही आहे. त्याच पेनाने शिवानीच्या बीएच्या अर्जावर पालक म्हणून सही केली आणि अर्ज तिच्या हातात दिला.

ठिकाण: कल्याण
दिनांक: २३ जून २०२५
सही: महिपत काळुराम देसले

आमच्यासमोर सही केली व ‘परंतु’ खोडले:
१. राघो धर्मा पष्टे, शेजारी
२. निशा सुश्रुत लेले, शिक्षिका