आखाडात रिटेक

१५ मार्च २००९
कॅमेरा ठरला. औरंगाबादला जाऊन लई बघितले. खांद्यावरचा मोठा नको, तो बीडच्या शूटिंगवाल्या शहादेवकडं हाय. आपण फुल एचडी घेतला. तळहातावर मावतो. कॅसेट न्हाई, कार्ड. पुस्तिका इंग्रजीत हाय, वाचायची गरज दिसत न्हाई. गेवराईत निम्म्या लोकांची लग्नं मीच शूट केली.
बायकोनं विचारलं, आपल्या जुन्या कॉम्प्युटरला हे झेपंल का. तिला प्रत्येक गोष्टीत शंका.

२ एप्रिल
मल्लिनाथअप्पांकडं गेलतो, ते पेठेतले कापडवाले. त्यांच्या शिवकन्याचं लग्न या महिन्यात. शूटिंग आपल्याकडं. अप्पांची अट एकच. त्यांच्या आई शांतादेवींनी जन्मात फोटो काढू दिलेला न्हाई. कॅमेरा दिसला की तोंडावर पदर. पण नातीच्या कपाळाला विभूती लावताना घ्या म्हणाल्यात. तेवढं चुकवू नको, बाकीचं कसंबी कर, म्हणाले अप्पा.
तिथंच ट्रायल घेतली. कार्ड घरी राहिलं होतं, म्हणून कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत. एवढासा कॅमेरा आजींना ओळखूच आला न्हाई, पदर न घेता बोलत बसल्या. नुसती बडबड. कामाची न्हाई.

२६ एप्रिल
लग्न लागलं. वऱ्हाडी विचारत होते, खरा कॅमेरा कवा येणार. शेवटी वर जुना फोकस लाईट बांधला, मग मान मिळाला.
विभूतीचा शॉट घेतला. शिवकन्या रडली, आजी न्हाई. अप्पा माझ्या मागं उभे, आला का, आला का. म्हटलं अप्पा, असा शॉट जिल्ह्यात कुणी घेतला न्हाई.

२९ एप्रिल
एडिटिंग सुरू. लोडशेडिंगनं जीव नकोसा केलाय, दुपारी बाराला जाती ती संध्याकाळीच येती. लाईट असली तर हे असं. आवाज पुढं, चित्र मागं. नवरदेव दोन पावलं चालतो आन थांबतो. आजींचा हात शिवकन्याच्या कपाळापर्यंत पोचतच न्हाई.

२ मे
कारण सापडलं. कार्डात जागा कमी, म्हणून कंपनी चित्र दाबून दाबून बसवती. दाबताना आमचं लग्न चेंगरलं. शिवाय मंगल कार्यालयाचा जनरेटर. माझी चूक काहीच न्हाई.
बायको म्हणाली, कॅमेरा एकदा टीव्हीला जोडून बघा. जे कॉम्प्युटरवर दिसत न्हाई, ते टीव्हीवर कुठून दिसणार?

५ मे
मार्ग निघाला. शिवकन्या आखाडात माहेरी येणार. तवा तिला शालू नेसवायचा, जावईबापूंना फेटा बांधायचा, आन मुख्य मुख्य विधी पुन्हा घ्यायचे. सिनेमावाले रिटेक घेतातच की. आजींना काय, विभूतीच लावायची हाय. अप्पांना आत्ता सांगायची गरज न्हाई.
उद्या पालीला बद्रीनाथच्या पोराचं लग्न. कार्ड पुसलं. बायको म्हणाली, दुसरं घ्या. कॅसेटी पुसून पुसूनच हा धंदा उभा केला, तिला काय माहीत. कॉम्प्युटरमधल्या फाईलीबी उडवल्या. आता झकास पळतो.

२० मे
अप्पा रस्त्यात भेटले. आई रोज विचारती म्हणे, माझं तोंड कसं आलंय. म्हटलं, लई छान. मिक्सिंग चालू हाय.

९ जून
शांतादेवी गेल्या. सकाळी पूजेला बसल्या त्या तिथंच.
आखाड एवढा जवळ आला होता. हे मी कुणाजवळ बोललो न्हाई. समाधी देताना गेलतो. अप्पा गळ्यात पडले. म्हणाले, फ्रेमला लावायला एक फोटो न्हाई रे, पण तुझ्याकडं आमची आई हाय.
घरी येऊन जेवण गेलं न्हाई.

१२ जून
पुसलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर मिळालं. लावलं. बद्रीनाथचा पोरगा निघाला, घोड्यावर. पुन्हा लावलं. पुन्हा घोड्यावर.

१५ जून
देव आठवला आन ट्रायल आठवली. कॅमेऱ्यात अजून असणार. चेंगरलेली का होईना, चेहरा तर दिसंल. बेत असा. अप्पांनी आईच्या गणाराधनेला, म्हणजे दिवसाच्या जेवणाला, लग्नाचं शूटिंग सगळ्या पाहुण्यांसमोर लाव म्हणून सांगितलंय. ट्रायल बाराच्या जरा आधी लावायची. ती संपती न संपती तोच लाईट जाणार. पुढचं कुणी मागणारच न्हाई. पाहुणे आपापल्या गावाला गेले की अप्पांना सांगू, मशीन बिघडलं. लोडशेडिंगचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

१९ जून
अप्पांच्या माडीवर सगळं गणगोत. शिवकन्या पुढं बसलेली. कॉम्प्युटर तिथं कुठं न्यायचा, म्हणून कॅमेऱ्याच्या बॉक्समधली वायर पहिल्यांदा बाहेर काढली आन कॅमेरा थेट टीव्हीला जोडला.
कुठंच अडकलं न्हाई. आजींच्या तोंडावरची सुरकुती न सुरकुती दिसली. हात हलला तो हललाच. आवाज ओठांबरोबर. मला विचारत होत्या, जेवलास का, एवढ्या उन्हाचं कशाला फिरतोस.
म्हणजे लग्नाचंबी असंच आलं होतं. काहीच चेंगरलं नव्हतं. जुना कॉम्प्युटर ओढत नव्हता, एवढंच.
शिवकन्यानं उठून टीव्हीच्या काचेला हात लावला. बायका रडायला लागल्या. अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले आन म्हणाले, आता विभूतीचं लाव.
म्हटलं, लावतो अप्पा.
बारा वाजले. वाजून गेले. मी वायर काढली, पुसली, घातली. पंख्याकडं बघितलं. शेजारी बसलेले अप्पांचे पाहुणे त्रिंबकराव मला म्हणाले, आज काळजी करू नको, आईचा दिवस हाय म्हणून अप्पा लाइनमनच्या हातापाया पडलेत, संध्याकाळपर्यंत लाईट जाणार न्हाई.
मी पुन्हा वायर काढली.