हिशोबात न बसलेली नव्वद युनिटं

२ जून
पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली. होडी काल वर ओढली, आज जाळी घरी आली. ह्यांनी ती अंगणात टाकली आणि पान खायला गेले ते गेलेच. पडवीत जागा कुठे, तिथे माझा फ्रीजर. बोईसरच्या एका बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातून दिवाळीच्या आधी घेतलेला, आडवा, झाकणवाला. सासूबाई त्याला पांढरा हत्ती म्हणतात.
शेवटी मी आणि शेजारच्या भारतीनेच घड्या घालून जाळी फ्रीजरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रचली. छपराला लागेपर्यंत. एक बोट आत जाणार नाही अशी बसली. भारती म्हणत होती, "मागं हात जाईल एवढी तरी जागा ठेव गो. उंदीर शिरले तं काढशील कशी?" म्हटलं, जाळी आमची, उंदीर पण आमचे.
फ्रीजर गच्च. डावीकडे माझे पापलेट, सुरमई. उजवा कोपरा भारतीचा, कोळंबीच्या पिशव्या, लाल नाड्या बांधलेल्या. दोघींचे दोन महिने ह्याच्यावरच निघायचेत. एकीच्या पाटीत उरलं की दुसरीच्या बर्फात ठेवायचं, ही आळीची रीत जुनीच. आता बर्फाच्या जागी फ्रीजर, एवढंच.

५ जुलै
लाईट बिल. २५३ युनिट.
मे महिन्यात १७१ होते. कागद उलटा करून पाहिला, नाव वाचलं, मीटर नंबर वाचला. आमचंच. शंभरच्या वर दर चढतो, ते वेगळंच.
सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी उठून पंखा बंद केला. म्हणजे त्यांच्या मते झालं काम. हे म्हणाले, "आमी बर्फावर धंदा केला पन्नास वर्सं. तुला मशीन पायजे होती ना. वीक तो डबा."
विकत नाही. आधी युनिट कुठे गेले ते कळू दे.

६ जुलै
बारावीपर्यंत शिकलेय, गुणाकार येतो. वॅट गुणिले तास, भागिले हजार. झालं युनिट. वही घेऊन घरभर फिरले.
फ्रिजच्या स्टिकरवर २४० लिहिलेलं वाचलं. एकटा फ्रिज २४०? मग खाली बारीक अक्षरात दिसलं, वर्षाला. म्हणजे महिन्याला वीस. जीव भांड्यात पडला.
पंपाची पाटी गंजलेली, अर्धा एच.पी. एवढंच दिसतं. मिक्सरचे वॅट शोधायला तो उलटा केला तर आतलं वाटण ओट्यावर. सासूबाई म्हणाल्या, "बिल नाय कमी होत, वाटण मातर कमी झालं."

७ जुलै
सगळं मांडलं. महिन्याचे युनिट.
पंखे तीन मिळून ६७. (पावसातसुद्धा. उकाडा.) फ्रिज २०. टीव्ही ९. दिवे ७. पंप ८. इस्त्री ५. मिक्सर ३. मोबाईल १. फ्रीजर १८० वॅट, दुकानदार म्हणाला होता, "एक घंटा चलेगा, दो घंटा सोएगा." म्हणजे दिवसाला आठ तास. ४३.
बेरीज १६३.
बिल २५३. नव्वद युनिट हवेत विरले.
तीनदा बेरीज केली. नव्वदच. आमच्या घरात नाहीत, मग कुठेतरी आहेत. संध्याकाळी पडवीत तांदूळ निवडत होते, सहज वर पाहिलं आणि हातातलं सूप तसंच राहिलं. काळी वायर. आमच्या बोर्डातून निघून कौलाखालून भारतीच्या घराकडे गेलेली. एप्रिलात तिच्या नणंदेच्या हळदीला मांडवात दिवे लावायला दिली होती. काढलीच नाही कुणी.
आणि भारतीकडे जूनमध्ये कपडे धुवायचं मशीन आलंय. हप्त्यावर.
नाही, भारती असं करणार नाही.
पण नव्वद.

८ जुलै
केलं.
सकाळी पक्कड घेऊन स्टुलावर चढले, बोर्डाकडून वायर तोडली. भारती उघडीप बघून तिच्या ओट्यावर वाकट्यांची सुकी मासळी उलथत होती. म्हणाली, "काय गो, सकाळी सकाळी?" गप्प बसता आलं असतं. तोंडाला लगाम कधी होता मला. म्हटलं, "आमच्या मीटरवर दुसऱ्याच्या घरचं मशीन फिरतं, ते बंद करते."
समोरच्या दोघी तिघी बाहेर आल्या. भारती उलथायची थांबली. मला वाटलं आता भांडेल, आम्ही काय कमी भांडलोय. तिने एकदा वायरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आत गेली.
वीस वर्षांत ती माझ्यासमोर गप्प बसल्याचं आठवत नाही.

९ जुलै
दुपारी बाजारातून आले तर फ्रीजरचा उजवा कोपरा रिकामा. सासूबाई म्हणाल्या, भारती आली, एकेक पिशवी मोजून काढली, "मोजून घ्या हो काकी, तुमचं काय आलं नाय ना माझ्यात" म्हणाली, आणि गेली.
काकी म्हणाली त्यांना. कालपर्यंत आय म्हणायची.
थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून नेलंय म्हणे. ह्या हवेत किती टिकणार.
तिचं मन खात असेल म्हणून नेलं, असं मी स्वतःला सांगितलं. हे वाक्य मुद्दाम इथे लिहून ठेवते.

१२ जुलै
रोज सकाळी आठला मीटरचा आकडा लिहून ठेवतेय, वायर तोडल्यापासून. काल ते आज ८.५. परवा ८.३. त्याच्या आधी ८.४.
२५३ भागिले ३०, ८.४.
म्हणजे वायर तोडून काहीच फरक पडलेला नाही.
आणि संध्याकाळी भारतीच्या नवऱ्याने वायरचं भेंडोळं आमच्या अंगणात आणून टाकलं. तिच्या घराकडचं टोक पाहिलं. त्यावर पिवळी टेप गुंडाळलेली, जुनी, धूळ बसलेली, म्हणजे कशाला जोडलेलीच नव्हती. ह्यांना दाखवली. म्हणाले, "मीच गुंडाळली होती ना, मांडव उतरला त्या दिवशी. तिच्या खुंटीला लटकवून ठेवली. मला इचारलंस का?"
नाही विचारलं. हे खाडीवर होडीला रंग देत होते. चार पावलांवर.
मग वही काढली आणि जे सात तारखेला करायला हवं होतं ते आज केलं. मशीन ४०० वॅट, रोज एक तास. महिन्याला बारा. फक्त बारा. घरातल्या मोबाईलपर्यंत सगळ्याचं गणित मांडलं, आणि जिच्यावर आळ घेतला तिच्या मशीनचं मांडलंच नव्हतं.

१४ जुलै
मीटरवर लाल दिवा लुकलुकतो. वरच लिहिलंय, ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आज घरातलं सगळं बंद केलं, पंखे, फ्रिज, सगळं. फक्त फ्रीजर चालू. सासूबाई पदराने वारा घेत बसल्या, "ही काय नवीन उपासना" म्हणत.
दहा वाजता मोजलं, मिनिटाला दहा. एकला मोजलं, दहा. चारला, दहा.
हा झोपतो कधी? एक तास चालून दोन तास झोपायला हवा. मग स्टूल घेऊन त्याच्यासमोरच बसले, घड्याळ लावून. पाऊण तास. तास. सव्वा तास. घूं चालूच. एकदासुद्धा थांबला नाही.
मिनिटाला दहा म्हणजे तासाला सहाशे. दिवसाला साडेचार युनिट. महिन्याला १३५. मी लिहिले होते ४३.
फरक ब्याण्णव. मी शोधत होते नव्वद.
जाळ्यात हात खुपसला, कसाबसा कोपरापर्यंत गेला. आत चुलीजवळ असावी तशी धग. नायलॉन मऊ पडलेलं, वास मारत होतं. मागची जाळी, ज्यातून त्याने गरम हवा सोडायची, ती आमच्या जाळ्यांनी ठासून बंद. गरम हवा बाहेर जायला वाट नाही, म्हणून गार होत नाही, म्हणून थांबत नाही. बेचाळीस दिवस.
वही मागे उलटली. २ जून. "एक बोट आत जाणार नाही अशी बसली." माझंच अक्षर. आणि त्याच्याखाली भारतीचं वाक्य, मागं हात जाईल एवढी तरी जागा ठेव. उंदरांसाठी का होईना, सांगितलं होतं तिने.
सासूबाईंना सांगितलं. हसल्या नाहीत. "काखेत कळसा नि गावाला वळसा," म्हणाल्या, आणि मग, "वळसा चालला असता गो. तू दुसऱ्याच्या दारात थांबलीस."

१५ जुलै
जाळी काढली. एकटीने. दोन तास लागले, कंबर गेली. एकावर एक घडी रचून देणारं कुणी नव्हतं.
दुपारी अडीचला फ्रीजर थांबला. एकदम. घरात इतकी शांतता झाली की सासूबाई आतून विचारत्या झाल्या, लाईट गेली का.
त्या शांततेत भिंतीपलीकडचं ऐकू आलं. भारती नवऱ्याला सांगत होती, सफाळ्याच्या बाजारात कोळंबी निम्म्या भावाने दिली. उरलेल्या दोन पिशव्यांना वास आला होता, खाडीत टाकल्या. बंदी संपायला अजून पंधरा दिवस, तोवर काय करायचं ते तिलाच ठाऊक.
माझ्या फ्रीजरमध्ये ठेवलेली कोळंबी टिकली असती. मी तिला काढायला लावली. असं सरळ लिहिलं की तरी कळतं.

१६ जुलै
गेले. दोन मोठे पापलेट घेऊन. वाटेत चार पावलांत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, उंबऱ्यावर सगळं विसरले. म्हटलं, "भारती, चूक माझी. जाळी मागं ठासली होती, फ्रीजर थांबतच नव्हता. वायरचं काय नव्हतं."
तिने सगळं ऐकलं. मशीनमधून कपडे काढत होती. म्हणाली, "बसला का मग हिशोब?"
म्हटलं, बसला.
"बरं झालं." कपडे बादलीत टाकले. पापलेटकडे बघून म्हणाली, "ते ने परत. माझ्याकडे फ्रीजर नाय. कुठं ठेवू?"
परत घेऊन आले. आणखी काय करणार.

२५ जुलै
कोळंबीचे पैसे सासूबाईंच्या हातून पाठवले. परत आले. सासूबाई म्हणाल्या, पैशानं मिटायचं असतं तर तिनं दारातच मागितले असते. त्या रोज तिच्याकडे जाऊन बसतात, मला सांगून. त्यांचं चालतं.

६ ऑगस्ट
बिल. २१३. अर्धा महिना जाळीचा, अर्धा मोकळा, बरोबर तेवढंच यायला हवं होतं. माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा फक्त चार जास्त. ते चार कुठे गेले ते मला आता जाणून घ्यायचं नाही.
हे म्हणाले, "हुशार हायस." मला ते लागलं.

९ ऑगस्ट. नारळी पुनव
दरवर्षी मी आणि भारती एका रंगाचं लुगडं घेतो, पालघरला जाऊन. यंदा मी जुनंच नेसले. ती पोपटी नेसली होती, समोरच्या बायकांबरोबर. किनाऱ्यावर नारळ सोडताना मधे सात आठ जणी होत्या. मी नारळ सोडला आणि काय मागितलं ते इथे लिहिणार नाही.
जाळी पडवीतून गेली. बंदी उठली तरी पुनवेआधी दर्यात जायचं नाही, म्हणून होड्या उद्या निघतील. फ्रीजर भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतला, मागे चांगला माणूस उभा राहील एवढी जागा. तास चालतो, दोन तास झोपतो.

१२ ऑगस्ट
पहिलं मावरं आलं. बोंबील, थोडी कोळंबी, मांदेली. आळीत सकाळपासून ओरडा, दोन महिन्यांनी. माझी पाटी पालघरला अकरापर्यंत खाली झाली.
दुपारी परत आले तर भारती तिच्या ओट्यावर, पाटी पुढ्यात. निम्मी भरलेली. पहिल्याच दिवशी सगळ्यांकडे माल, भाव पडला, उरलं. ऊन कडक. तिने ओला फडका टाकलाय वर, माशा हाकतेय. बर्फाची गाडी आज आलीच नाही.
हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी काही बोलले की बिघडतं.
पडवीत गेले आणि फ्रीजरचं झाकण उघडलं. पूर्ण, सरळ उभं करून. उजवा कोपरा नऊ जुलैपासून रिकामाच ठेवलाय, त्यात काही ठेवलं नाही मी. तिच्या ओट्यावरून उघडं झाकण सरळ दिसतं. मग आत येऊन बसले.
सासूबाई म्हणाल्या, "झाकण उघडं राह्यलं गो, युनिट पळतील." म्हटलं, पळू देत.
भारतीने पाहिलं. मी खिडकीतून पाहिलं की तिने पाहिलं. पाटी उचलून कमरेवर घेतली. उभी आहे. कुठे निघाली ते कळत नाही, आत की इकडे.
घूं सुरू झालं. साडेतीन वाजलेत. झाकण अजून उघडंच आहे.