आधी गार, मग कढत

आई,

आज सकाळी नातसुनेनं बाळाला आंघोळ घातली. टबात आधी गार पाणी सोडलं, मग गरम नळ फिरवला, कोपर बुडवून पाहिलं आणि पोराला आत बसवलं. मी दारात उभी होते. विचारलं, गार आधी घ्यायचं हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, ‘कुणी नाही आजी, असंच तर करतात सगळे.’ मी मान डोलावली आणि खोलीत येऊन बसले. असंच करतात म्हणे. तू त्यासाठी जीव पणाला लावलास आणि हिच्या लेखी ते नुसतं असंच. आधी मला राग आला, मग वाटलं, तुला हे ऐकून बरंच वाटलं असतं. पण तुला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, आणि त्यातलं एक तू असताना मी तुला सांगितलेलं नाही. म्हणून कागद घेतला.

आपलं परसदार मला अजून दिसतं. मी नऊ वर्षांची, भाऊ अडीचचा. पाणचुलीवर तांब्याचा हंडा, शेजारी पितळी घंगाळ. तू हंड्यातलं कढत पाणी घंगाळात ओतलंस आणि बघतेस तर विसणाची कळशी रिकामी. म्हणून गार पाणी आणायला तू विहिरीकडे वळलीस. विहीर ती केवढ्या लांब, वीस पावलं. भाऊ उघडा, आंघोळीला तयार. त्याला पाणी फार आवडायचं. तो आपला आपण घंगाळात बसायला गेला. मी गोठ्यात वासराला गवत घालत होते, ओरडणं ऐकून धावले, तोवर तू त्याला उचललं होतंस आणि कळशी विहिरीच्या वाटेवर गडगडत होती. वैद्यानं चुन्याची निवळी आणि खोबरेल लावायला सांगितलं. सहा दिवस आपण दोघी त्याला वारा घालत बसलो. सातव्या दिवशी सकाळी तो गेला. लोक म्हणाले, त्याचं तेवढंच होतं. त्यानंतर त्याचं नाव आपल्या घरात कुणी काढलं नाही.

पुढे मामानं मला महाडला शिकायला नेलं, सातवी झाले, तिथंच लग्न झालं, आणि तिथंच बाईंची गाठ पडली. बाई म्हणजे दवाखान्यात परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या, विधवा, आवाज चढा, चाल झपाझप. त्यांनी चार बायका गोळा करून एक मंडळ काढलं होतं. काम एकच, पोरं दुखावू नयेत म्हणून झटायचं. दुखावल्यावर औषध देणारे आहेत, त्या म्हणायच्या, आधी धावणारं कुणी नाही. त्यांच्याकडे एक जाड वही होती. कुठलं पोर, कुठल्या गावचं, कशानं दुखावलं. कोयता, विहीर, आंब्यावरून पडणं, म्हशीचं शिंग, कशेडीच्या घाटाखाली ट्रकसमोर आलेलं एक. मी त्यांच्याबरोबर तुडीलपासून बिरवाडीपर्यंत आणि पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत पायी हिंडले. विहिरीला बांबूचा कठडा घाला म्हटलं की पुरुष माणसं घालायची. चुलीभोवती मातीची वरंडी, वीतभर उंच बांध, घाला म्हटलं की बाया एका दुपारी लिंपून टाकायच्या. कोयता खुंटीला उंच लावा, लावायचे. आपली माणसं आडमुठी नाहीत, त्यांना कारण पटलं की झालं. पण वहीत सगळ्यात जास्त पानं भरली होती ती आंघोळीच्या पाण्यानं पोळलेल्या पोरांची, आणि तिथं आमचं कुणी ऐकत नव्हतं.

का ऐकत नव्हतं ते तुला मी काय सांगणार. जित्या माणसाला कढत आधी आणि विसण मागून. गार आधी घेऊन त्यात कढत ओततात ते फक्त मढ्याला. बाईंनाही ते ठाऊक होतं, पण त्यांना वाटलं, चित्र काढून दाखवलं की पटेल. महाडच्या एका पेंटरकडून कापडावर चित्र काढून घेतलं. एक बाई घंगाळात कळशीनं गार पाणी ओतते आहे आणि बाजूला चटईवर उघडं पोर निजलंय. पोर पाण्याजवळ नको म्हणून त्याला लांब चटईवर निजवलं, एवढंच आमच्या डोक्यात. पहिल्याच वाडीत ते कापड उलगडलं आणि बाया उठून चालू लागल्या. एक म्हातारी तेवढी थांबली. ‘मेलेल्या पोराची आंघोळ दाखवाय आलात व्हय गो आमच्या दारात?’ म्हणाली आणि अंगणात गोमूत्र शिंपडायला लागली. आम्ही चित्राकडे पाहिलं. खरंच, आम्ही तेच काढून आणलं होतं. बाईंनी कापड गुंडाळलं आणि पोलादपूरची वाट धरली. एस.टी.त बसल्यावर म्हणाल्या, ‘आता तुझ्या गावाला जायचं. तिथं तुला कोणी हाकलणार नाही.’

मला दुसऱ्या कुणी हाकललं नाही, तूच हाकललंस. देवळाच्या पडवीत बाया जमल्या होत्या, मी उभी राहून शिकलेल्या भाषेत बोलत होते, आणि तू मागून उठलीस. ‘गप बस,’ म्हणालीस. ‘तुझ्या भावाला मी असंच घातलंय. गार आधी, कढत मागनं. एकदाच. आता गावच्या पोरांना तसंच घालाय सांगतेस? लाज नाय वाटत?’ मला वाटलं जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं. इतक्या वर्षांत तुझ्या तोंडून त्याचा पहिला उल्लेख, आणि तो चारचौघींत, मला तोंडात मारल्यासारखा. बाया खाली मान घालून निघून गेल्या. बाई पोलादपूरला उतरून गेल्या. मी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू ओटीवर नाचणी पाखडत होतीस. मी समोर बसून खडे काढत होते. मग माझ्याकडे न बघता तू विचारलंस, ‘त्या दिवशी घंगाळात गार असतं, तर?’ मी म्हटलं, ‘तर तो भिजला असता आणि हसला असता. आज वीस वर्षांचा असता.’ तू सूप खाली ठेवलंस. मला वाटलं रडशील. रडली नाहीस. म्हणालीस, ‘मग मढ्याचं कशाला सांगतात पाणी? जित्यांचंच हाय ते.’ आणि पुन्हा पाखडायला लागलीस. तुझ्या मनात काय शिजत होतं ते मला तेव्हा कळलं नाही, कळलं असतं तर अडवलं असतं.

सकाळी बाया पाण्याला निघायच्या वेळी तू परसात घंगाळ मांडलंस, विहिरीच्या वाटेला लागूनच. लुगडं नेसूनच दगडावर बसलीस. मला म्हणालीस, आधी गार ओत. सगळ्यांना दिसेल असं ओत. मग कढत. तू हाक मारून एकेकीला थांबवलंस. शेजारची काकी कपाळावर हात मारून म्हणाली, ‘अगो, हे काय करतेस?’ तू तांब्या भरून डोक्यावर घेतलास. ‘मढ्याचं पाणी अंगावर घेतलंय,’ म्हणालीस. ‘आता रोज घेणार. मी कधी मरते ती बघा. वरीसभर नाय मेले तर पोरांना असंच घाला. मेले तर माझ्या लेकीला गावात पाऊल ठेवू देऊ नका.’ कुणी हसलं नाही. मीही नाही.

आणि गाव बघत राहिलं, आई. वर्षभर तुझ्यावर नजर. तू खोकलीस तरी बातमी. मी महिन्यातून एकदा यायचे, तेव्हा वाटेतच कुणी सांगायचं, हाय हाय, बरी हाय तुझी आई, सकाळीच न्हाली. मला हसू यायचं आणि तरी मी घरापर्यंत झपाझप चालायचे. भाद्रपदात तू तापानं पडलीस. निरोप मिळाला तेव्हा मी मंडळाच्या कामानं पोलादपुरातच होते, पावसात वर चालत आले. तू वाकळेत, ओठ सुकलेले, धाप लागलेली. मला बघून पहिलं काय बोललीस? ‘मला बाहेर ओटीवर ने. बाया येऊन जातायत, मी निजलेली दिसता कामा नये.’ मी म्हटलं, आई, औषध घे, पडून राहा. तू म्हणालीस, ‘मी आत्ता मेले तर पाण्यानंच मेले म्हणतील. मग तुझं काम खड्ड्यात गेलं. मला मरायला सवड नाय.’ मी तुला खांबाला टेकवून बसवलं, पाठीला उशी दिली. तू वाटीभर पेज घोट घोट प्यालीस. वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकीला स्वतःहून हाक मारलीस. तीन दिवस असं. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी दिवसभर तुझ्याशी भांडत होते आणि आत जाऊन रडत होते, इतका मला तुझा राग आला होता आणि इतकी तू मला हवी होतीस.

वर्ष भरलं त्या सकाळी शेजारची काकी आपल्या नातवाचं घंगाळ तुझ्या परसात घेऊन आली. ‘तूच ओत गो पहिलं,’ म्हणाली. तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही. मग एक घर, मग दुसरं. लेकी सासरी गेल्या तशी पद्धत त्यांच्याबरोबर गेली, खाली सावित्रीकाठच्या गावांत, बिरवाडीत. बाईंनी ते चित्राचं कापड फाडून त्याच्या झोळ्या शिवल्या. म्हणाल्या, ‘माझी सगळी खटपट पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्या आईनं ते काम एका तांब्यात केलं.’

आता ते एक.

विरेश्वराच्या जत्रेत, छबिन्याची पालखी बघायला, तू महाडला आलीस. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. सकाळी मी तिला न्हाऊ घालून बाहेर आणलं, तू तिचे केस पुसलेस आणि सहज विचारलंस, ‘हिला पण तसंच घालतेस ना गो?’ मी म्हटलं, ‘म्हणजे काय, आधी गार.’ तू किती खूश झालीस. गावी जाऊन सगळ्यांना सांगितलंस, माझी नात महाडात ह्याच पाण्यानं न्हाते, आणि शहरची माणसंही करतात म्हटल्यावर वरच्या दोन वाड्यांतल्या उरलेल्या बायाही वळल्या. काकीनंच मला ते सांगितलं. मी पदरानं तोंड पुसत बसले.

आई, मी तसं घालत नव्हते. बंबाची तोटी सोडून घंगाळात कढत आधी घ्यायचे, मोरीला कडी लावायचे, पोरीला बाहेर बसवायचे आणि मग विसण घालायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी वाड्यावाड्यांतून घसा फोडून सांगत होते, पण स्वतःच्या घरात हात गार पाण्याकडे गेला की मला भाऊ दिसायचा, तू त्याला शेवटचं घातलंस ते दिसायचं, आणि हात मागे यायचा. तू स्वतःच्या अंगावर घेतलंस, मला माझ्या लेकीच्या अंगावर ओतवलं नाही. मग एकदा कडी नीट लागली नाही. मी विसणाची बादली उचलत होते, वळून पाहते तर पोरगी काठाला धरून आत पाय टाकायच्या बेतात. मी तिला केसांना धरून मागे ओढलं. ती रडली, का ओढलंस म्हणून. त्या दिवसापासून मी आधी गार घेतलं, पुन्हा कधी चुकले नाही. पण तोवर दोन वर्षं मी तुला फसवत होते, आणि तू माझ्या शब्दावर दोन वाड्या जिंकून बसली होतीस.

त्यानंतर तू चांगली चार वर्षं होतीस. कोयनेच्या भूकंपात आपली भिंत तडकली तेव्हा मी आठवडाभर तुझ्याजवळ होते, रोज बोलायचं ठरवायचे. पुढच्या पावसाळ्यात तू गेलीस. तुला अक्षर येत नव्हतं. हे पत्र तुला मीच वाचून दाखवलं असतं, आणि छबिन्याच्या पुढचं सगळं गाळलं असतं.