यंदा मी मरणार नाही

११ एप्रिल
ठरलं. यंदा मी मरणार नाही.
किल्ल्यावरच्या लुटुपुटूच्या लढाईत दरवर्षी पहिला मुडदा माझाच पडतो. मग लढाई संपेपर्यंत गवतात पालथं पडायचं. मुंग्या चावल्या तरी हलायचं नाही, प्रेक्षक तिकीट काढून आलेले असतात. बायको, व्लास्ता, हल्ली बघायलाच येत नाही. म्हणते, "गाडी लावून वर येईपर्यंत तू मेलेला असतोस. मेलेला नवरा बघायला डोंगर कोण चढणार?"
आज आमच्या सरदाराशी बोललो. सरदार म्हणजे प्रोकोप, एरवी दातांचा डॉक्टर. वेढ्यासाठी किल्ल्याचं फाटक आणि त्याच्या तंबूतली बाकं मी करायची, सगळं १४२० सालच्या पद्धतीनं. फाटक दोन हल्ले टिकलं, तर मी शेवटपर्यंत जिवंत, आणि विजयाच्या जेवणाला सरदाराशेजारी. त्यानं विचारलं, "आणि नाही टिकलं तर?" मी नुसता हसलो.

१२ एप्रिल
संकल्प: एकही स्क्रू नाही. ग्लू नाही. विजेची करवत नाही. राग नाही.

१९ एप्रिल
राग आला. हातोडा अंगठ्यावर बसला. हातोडा खिडकीबाहेर फेकला. खिडकी बंद होती.

३ मे
पहिलं बाक तयार. ओकचं, देखणं. प्रोकोप पूर्ण चिलखत घालून बसला आणि बाकाचे पाय चार दिशांना गेले. त्याचा ओठ फुटला, चिलखतावर रक्त सांडलं. ते मात्र अस्सल दिसत होतं.
उठून म्हणाला, "अरे ओटा, लाकूड ओलं आणि खुंट्याही ओल्याच? खुंटी वाळलेली हवी, नाहीतर सांधा ढिला पडणारच." आता दात बसवणारा मला खुंट्या बसवायला शिकवणार! तो गेल्यावर बाकाला लाथ घातली. बाक मेलं. पायाचा अंगठाही.
हातापायाचे अंगठे आता सारखेच काळे.

२० मे
भट्टी पेटवली. दिवसभर लोखंड बडवलं. दर घावाला रादिमचं तोंड डोळ्यासमोर आणलं, घाव आपोआप चांगला बसतो. रादिम म्हणजे व्लास्ताचा भाऊ आणि शत्रूचा सरदार.
फाटकाच्या दोन लांब पट्ट्या झाल्या. पट्टीच्या टोकाला कडं, आणि ते कडं खांबात ठोकलेल्या आकड्यावर वरून घालायचं. बस, फाटक झुलायला लागतं. प्रयोग म्हणून वर्कशॉपच्या दाराला तसंच करून बघितलं. बोटानं ढकलता येतं. मी स्वतःवर खूश आहे.

२१ मे, दुपार
जेवताना व्लास्ता म्हणाली, रादिमचं काम तुझ्यापेक्षा साफ असतं. मी ताटातला डंपलिंग भिंतीवर मारला आणि वर्कशॉपमध्ये जाऊन आतून कडी लावली. उपाशी मरेन, पण उघडणार नाही म्हटलं.
थोड्या वेळानं बाहेरून आवाज. "लसणाचं सूप आणलंय. उघडतोस की उचलू?"
मला वाटलं, नुसती धमकी. तिनं पहारीनं दार वर उचललं, आकड्यांवरून काढलं, भिंतीला टेकवलं, सूप ऐरणीवर ठेवलं. म्हणाली, "दोन्ही आकड्यांची टोकं वर आहेत. वरच्याचं टोक खाली कर, मग कोणाला उचलता येणार नाही. फाटकालाही असंच करणारेस का?"
मी सांगितलं, फाटक याच्या चौपट जड आहे, कोण माईचा लाल उचलतो बघू. ती म्हणाली, "खरंच?" आणि हसली. ती सहसा हसत नाही.
नोंद: रागात बाईच्या अंगात बळ येतं. संकल्प: तिला राग येऊ द्यायचा नाही.

१४ जून
व्लास्ता रोज संध्याकाळी रादिमकडे जाते. माहेरची ओढ, दुसरं काय. दंडावर वळ दिसले. म्हणाली, कपाटावर आपटले. कपाट मी केलेलं, म्हणून जास्त खोलात शिरलो नाही.
विचारलं, यंदा लढाई बघायला येशील? म्हणाली, "येणार. अगदी वेळेवर येणार." मला भरून आलं.

५ जुलै, सकाळ
फाटक चढवलं. काय दिसतंय! आज मी मरत नाही.

६ जुलै
डाव्या हातानं लिहितोय.
पहिला हल्ला. ओंडक्याचे दणके, ढालींवर तलवारी, आमच्या एकाचं नाक फुटलं. फाटक तसूभर हललं नाही. मी वरून रादिमच्या सात पिढ्या उद्धरल्या. गर्दीत व्लास्ताला शोधलं. नव्हती. वाईट वाटलं.
दुसरा हल्ला. ओंडका नाही, आरडाओरडा नाही. खाली नुसती खरखर. खाली उतरून फटीतून बघितलं, तर रादिमची माणसं आमच्याच छावणीतून पळवलेलं माझं नवं बाक पहारीसारखं फाटकाखाली सारत होती. मी फाटकाला पाठ लावून उभा राहिलो. एका शिरस्त्राणातून आवाज आला, "उघडतोस की उचलू?"
तेव्हा बाजूला व्हायला हवं होतं. मी म्हणालो, उचल!
बाक मोडलं नाही. खुंट्या वाळलेल्या घातल्या होत्या ना. फाटक आकड्यांवरून उठलं आणि माझ्यावर आडवं झालं. मनगट मोडल्याचा आवाज मला स्वतःला आला. मग रादिमची अख्खी फौज फाटकावरून, म्हणजे माझ्यावरून, धावत आत गेली. शेवटचा शिपाई थांबला, वाकला, शिरस्त्राण वर केलं. व्लास्ता.
"आले की नाही वेळेवर? ओटा, लागलंय का रे?"
मेलेला माणूस बोलत नाही, प्रेक्षक तिकीट काढून आले होते.
संध्याकाळी प्लॅस्टर करून परत आलो, तर फाटक लाकडी घोड्यांवर ठेवून त्याचंच टेबल केलेलं. विजयाचं जेवण त्यावर. सगळे म्हणाले, काय टेबल आहे, जराही हलत नाही. व्लास्ता रादिमशेजारी, मानाच्या जागी. मी दुसऱ्या टोकाला, मेलेल्यांत. तिथून ती फार छान दिसत होती. मला याचाच जास्त राग आला.

१२ जुलै
प्रोकोपचा निरोप: पुढच्या वर्षी फाटक नको, टेबलं कर. आणि व्लास्ताला आपल्या बाजूला यायचं का, विचार.
निरोपाचा कागद भट्टीत घातला. वर्कशॉपमध्ये शिरून वरच्या आकड्याचं टोक खाली केलं, डाव्या हातानं. नवी जाड कडी आतून घट्ट ठोकून बसवली. आता कोणाचा बाप दार उचलू शकत नाही.

तोच दिवस, दुपार
कडी अडकली. एका हातानं निघत नाही.
बाहेर व्लास्ता. लसणाचा वास. "उघडतोस की उचलू?"
म्हटलं, उचल.
बराच वेळ पहारीची खटपट ऐकू आली. मग म्हणाली, "नाही रे उचलत. काम चोख झालंय."
लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच म्हणाली. सूप बाहेर गार होतंय.