‘वेइ’ म्हणजे आपण की आम्ही

२ मार्च, सोमवार. एनस्खेडे, नेदरलँड्स

पीटरने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कॉफी मशीनपाशी बोलावलं. चौदा माणसांची कंपनी. बॉसने स्वतः कॉफी ओतून दिली की समजायचं, बातमी वाईट आहे. नदीच्या पाण्याचा आमचा प्रोजेक्ट युरोपियन युनियनच्या अनुदानावर चालतो. पुढचा टप्पा मंजूर आहे, पण जर्मन पार्टनर म्हणतात, ज्या देशात उठसूट युनियन सोडायची भाषा चालू आहे तिथे कारभार ठेवायचा नाही. सगळं जर्मनीत म्युन्स्टरला हलवायचं. तासाभरावर आहे. पीटर म्हणाला, "अजून काही ठरलेलं नाही." म्हणजे ठरलंय.

माझं कॉन्ट्रॅक्ट ३१ ऑगस्टला संपतं. त्यापुढे दुसरी नोकरी शोधायला तीन महिने, म्हणजे नोव्हेंबरअखेर. इथे पाच वर्षं भरणार जानेवारीत. कायमच्या परमिटचा अर्ज त्याआधी करता येत नाही. दोन महिने कमी पडतायत. फक्त दोन.

लेकीला, रमाला सांगितलं नाही.

५ मार्च, गुरु.

रमाच्या शाळेत डिबेट. विषय काय, तर नेदरलँड्सने युनियन सोडावी का! चिठ्ठ्या टाकल्या, हिच्या वाट्याला "सोडावी" आलं. सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच ओरडून सांगितलं.

"आई, यू वेअर चॅम्पियन ना? हेल्प मी."

म्हटलं, बाजू बदलून घे. "कान्ट. आणि ही बाजू इझी आहे, सगळे हेच बोलतात."

मी नाही म्हणाले. मग भांडी घासता घासता तीन मुद्दे आपोआप तयार झाले. आंतरशालेय वक्तृत्वाच्या ढाली जिंकत वाढलेल्या बाईला विषय दाखवू नये.

८ मार्च, रवि.

बसलो दोघी. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये टाइप करते. मराठी तिला वाचता येतं ते दुकानाच्या पाट्यांपुरतं. मुद्दा एक, निर्णय इथे झाले पाहिजेत, ब्रसेल्सला नाही. दोन, घरं मिळत नाहीत. तिसरा तिने आणला, बाहेरून येणारी माणसं. मी गप्प बसायला हवं होतं. पण वाक्य लंगडं होतं, राहवलं नाही. नीट करून दिलं: "येणारे येतात, काम करतात आणि निघून जातात. निस्तरायला मागे उरतो आपण."

रमा खूश. "दिस इज सो गुड, आई."

आहेच गुड. स्वतःला हाकलायचं वाक्य स्वतः घासूनपुसून दिलं मी. अक्कल कुठे गहाण ठेवली होती कोण जाणे.

१२ मार्च, गुरु.

दोन नकार आले. एका ठिकाणी डच "अजून थोडं वरच्या पातळीचं" हवंय. दुसऱ्यांनी कारणसुद्धा दिलं नाही. इमिग्रेशनला फोन केला. बाई फार गोड बोलली. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, मेव्हराऊ, म्हणजे बाईसाहेब.

ऑफिसात जेवता आलं नाही.

१४ मार्च, शनि.

सायकलने जर्मनीतल्या ग्रोनाऊला, किराणा आणायला. अर्धं एनस्खेडे शनिवारी तिथेच असतं. बॉर्डर म्हणजे रस्त्याकडेला एक निळी पाटी. पीटर पाटीपलीकडे नोकरी नेणार आणि रोज घरी परत येणार, त्याला काय! माझं परमिट मात्र पाटीशी संपतं. मी पलीकडे कामाला गेले तर इथली सव्वाचार वर्षं गेली, नव्याने एकपासून. रमाचं परमिट माझ्यावर. म्हणजे तीही माझ्याबरोबर. सोळाव्या वर्षी, फायनल परीक्षेला एक वर्ष असताना, जर्मन शाळेत.

युनियनमध्ये राहायचं की सोडायचं यावर हे लोक भांडतायत. मी त्यांच्या युनियनमध्ये आहे कुठे?

१५ मार्च, रवि.

आज जे झालं ते लिहून ठेवते.

नागपूरला बाबांना व्हिडिओ कॉल. बाबांनी तीस वर्षं शाळेत पोरांना भाषणं शिकवली. डिबेटचं कळल्यावर ते ऐकल्याशिवाय थोडेच सोडणार? म्हणाले, "मला डच कळत नाही, मराठीत कर." रमा उभी राहिली. डच कागद बघत बघत जमेल तसं मराठी. बरं चाललं होतं. माझ्या वाक्यावर आली.

"येणारे येतात, काम करतात आणि जातात. इथे आम्ही उरतो. हे आम्हीने ठरवायला पाहिजे."

"आम्हीने नाही, आम्ही," बाबा म्हणाले. मग थांबले. चष्मा काढला. "आम्ही की आपण?"

"सेम ना, आजोबा?"

"सेम कसं? आपण म्हटलं तर समोरचा आत. आम्ही म्हटलं तर समोरचा बाहेर. कोणाला सांगून राहिली तू हे? तुझी आई तुझ्या बाजूला बसली आहे. ती तुझ्या आम्हीत आहे का नाही?"

रमाने माझ्याकडे बघितलं. मग कागदाकडे. "इट्स जस्ट वेइ, आजोबा. डचमध्ये एकच आहे."

"तिथे एक असेल. मराठीत निवडावं लागते, बाळा."

मी तिला "आपण" सांगितलं होतं. चांगलं आठवतंय मला, आपणच म्हणाले होते. ते डचमध्ये गेलं आणि परत आलं तेव्हा मी त्यात नव्हते. तिचा दोष नाही. तरी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

२० मार्च, शुक्र.

डिबेट. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये पालकही. रमा बोलायला तिसरी. काय बोलली! हात कुठे ठेवायचे, कुठे थांबायचं, सगळं माझं. आवाज मात्र तिचा, खणखणीत. वेइ, वेइ, वेइ. दर वेळी मनात तेच, आपण की आम्ही? तीन मिनिटं दुसरं काही ऐकूच आलं नाही. "निस्तरायला मागे उरतो" वर टाळ्या पडल्या. शेजारी लोट्टेची आई बसली होती, लोट्टे म्हणजे रमाची वर्गमैत्रीण. तीसुद्धा टाळ्या वाजवत होती. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि हात तिथेच थांबले. "ते तुझ्याबद्दल नाही हं," म्हणाली.

रमा पहिली आली. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. अभिमान वाटला, खरंच वाटला. आणि जीव जातोय असंही वाटलं.

२४ मार्च, मंगळ.

पीटरची मेल. ठरलं. १ सप्टेंबरपासून म्युन्स्टर. माझी जागा तिथे पक्की, पगार तोच, जर्मन परमिट ते करून देणार. सोमवारी ३० तारखेला दुपारी बारापर्यंत हो किंवा नाही. नाही म्हटलं तर ते दुसरी व्यक्ती शोधणार.

भला माणूस आहे. "तुझ्यासाठी मी भांडलो," म्हणाला. भांडला असेलच.

हो म्हटलं तर नोकरी आहे, इथलं सगळं संपलं. नाही म्हटलं तर इथे नोव्हेंबरपर्यंत, पुढे अंधार, आणि मग कदाचित नागपूर. रमाच्या वडिलांचा पुण्यात दुसरा संसार आहे, तिकडचं दार बंद.

२६ मार्च, गुरु.

सांगितलं. जेवताना. आणखी लांबवणं शक्यच नव्हतं.

आधी तिला वाटलं, डिबेटमुळे चिडून बोलतेय. मग म्हणाली, "मी नाही येणार."

म्हटलं, तुला चॉइस नाही, बाळा. तुझं कार्ड माझ्या कार्डावर आहे.

"दे कान्ट थ्रो मी आउट. मी डच बोलते. मी डिबेट जिंकले!"

काय सांगू हिला, तू कोणती बाजू घेऊन जिंकलीस.

२७ मार्च, शुक्र.

उशिरा आली. दप्तर खाली ठेवलं आणि फार शांतपणे म्हणाली, "लोट्टेच्या घरी वरची खोली रिकामी आहे. आम्ही बघून आलो. तिची आई हो म्हणाली. एक वर्ष फक्त."

मी विचारलं, आम्ही म्हणजे कोण?

"मी आणि लोट्टे." मग थोडं थांबून, "आता मला येतं, आई. तू नव्हतीस, म्हणून आम्ही."

व्याकरण बरोबर. एक चूक नाही.

ताट तसंच ठेवून उठले.

२९ मार्च, रवि.

आजपासून इथे उन्हाळ्याची वेळ, घड्याळं एक तास पुढे. उद्यापर्यंतचा एक तास आधीच गेला.

सकाळी रमाने टेबल आवरलं. मोबाइलवर टायमर लावला. म्हणाली, शाळेसारखं करू. प्रत्येकीला तीन मिनिटं, मध्ये बोलायचं नाही. विषय: आईने जावं का. मी म्हटलं, हा खेळ नाही. "खेळ नाहीच," ती म्हणाली.

आधी तिने "जावं" ही बाजू घेतली. माझी बाजू! नोकरी, माझं वय, आजोबांचं औषधपाणी, दोन महिन्यांवर आयुष्य टांगून ठेवू नये. इतकं मुद्देसूद मला स्वतःलाही सुचलं नव्हतं. मग "राहावं". त्यात तिची परीक्षा, सायकल, लोट्टे, आणि ती घरी आल्यावर दिवा लागलेला असतो हे. तिथे आवाज फुटला. तीन मिनिटांतली दीड तशीच गेली. टायमर वाजला.

"आता तू."

मी पण लावला टायमर. तीन मिनिटं तिच्याकडे बघत बसले. एकही वाक्य आलं नाही. ढाली जिंकलेली बाई. टायमर वाजल्यावर ती म्हणाली, "तू हरलीस." आणि मिठीत येऊन हमसून हमसून रडली. कोण जिंकलं मला कळलं नाही, तिलाही नसावं.

इमिग्रेशनचे नियम पुन्हा वाचले. आई-वडिलांपैकी कुणी नसताना अल्पवयीन मुलीने एकटीने राहण्याची सोय मला कुठे सापडली नाही. लोट्टेच्या आईची खोली कितीही रिकामी असो. रमाला हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिच्या हातात माझ्यावर रागावणं तेवढं उरेल.

३० मार्च, सोमवार

घरूनच काम. म्हणजे काम काही नाही. "हो" ची मेल लिहिली. "नाही" ची लिहिली. दोन्ही ड्राफ्टमध्ये. दोन्हींची सुरुवात "डियर पीटर, मनापासून आभार" अशीच आहे.

११.३५. रमाचा शाळेतून फोन. तास चालू असताना ती कधी फोन करत नाही.

"पाठवलंस?"

नाही.

"पाठवू नको. म्हणजे, पाठव. आय डोन्ट नो, आई. मी घरी येऊ?"

मी ये म्हणाले. शाळेला काय सांगायचं ते तिने विचारलं नाही, मीही सुचवलं नाही.

१२.०२. पीटरचा फोन वाजतोय. रमा वाटेत आहे. सायकलवर तिला बावीस मिनिटं लागतात, आज वारा समोरून आहे.