विजयाआत्याच्या कॉम्प्युटरातली रिकामी खाच

राहुरी,
४ ऑगस्ट २०२४

चि. अनन्यास अनेक आशीर्वाद.

भिंगारच्या नव्या बिऱ्हाडात पाणी नीट येतं का? जेवणाची आबाळ करू नकोस. मी ठणठणीत आहे, कॉम्प्युटर मात्र कोड्यात टाकतोय. पंख्याची घरघर थांबवायला तो स्टँडजवळच्या गोरक्षनाथच्या दुकानात दिला होता. घरघर गेली, पण तणांच्या पुस्तिकेसाठी मी बियांचे वीस-वीस फोटो एकदम उघडायची, तिथे आता पाचव्यालाच तो अडतो. पंख्याचा आणि फोटोंचा काय गं संबंध?

तुझी,
विजयाआत्या

भिंगार,
९ ऑगस्ट २०२४

ती. विजयाआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

पाणी येतं, दिवसाआड. संबंध काहीच नाही, म्हणूनच शंका येते. घेताना त्यात आठ जीबीच्या दोन रॅम होत्या. रॅम म्हणजे बोटभर लांबीची पट्टी. ती कमी झाली की एका वेळी थोडंच काम झेपतं. सेटिंग्जमध्ये आकडा बघ. सोळा असेल तर मी चुकले. आठ असेल तर त्याने न विचारता एक काढून घेतली. एकटी भांडायला जाऊ नकोस. महिनाअखेरीस येते, तक्रार लिहूनच आणते. तुझा स्वभाव ठाऊक आहे, तरी सांगते!

तुझी,
अनन्या

राहुरी,
१७ ऑगस्ट २०२४

चि. अनन्यास अनेक आशीर्वाद.

आठच! मग महिनाअखेरीपर्यंत दम कुठला? कॉम्प्युटर घेऊन गेले, पण भांडले नाही. आत काय असतं ते दाखव म्हटलं. त्याने हौसेने उघडून दाखवलं, हितं दोन पट्ट्या बसतात म्हणाला. एक खाच रिकामी होती. दुसरी कुठंय विचारलं. मग म्हणाला, मावशी, एका गिऱ्हाइकाचं काम अडलं हुतं, आन् तुमाला भजनं ऐकायला एक लई झाली.

अगं, पट्टी गेल्यापेक्षा तेच जास्त लागलं. तिथेच त्याला फोटो दाखवले. गाजरगवताची बी मोठी करून पाहताना तो खाली वाकून बघतच राहिला. मी विचारलं, असं आणखी कुणाकुणाचं तूच ठरवलंस? नऊ नावं निघाली, सगळी माझ्या वयाची. माझ्या कॉम्प्युटरात त्याने लगेच नवी पट्टी बसवली. बाकीच्यांना माझ्यासमोर स्पीकरवर फोन करायला लावले. तक्रारीचं आता आम्ही दहाजण मिळून ठरवू.

तिसरा फोन श्रीमंतरावांना होता, निवृत्त ग्रंथपाल. कॉम्प्युटरवर गावाचा इतिहास लिहीत होते, वर्षापूर्वी याच्याकडच्या दुरुस्तीनंतर लिहिणंच सोडलं. गोरक्षनाथने सगळं कबूल केलं. त्यांनी एवढंच विचारलं की, म्हणजे यंत्रच मंद झालं होतं ना, मी नाही ना?

गोरक्षनाथने फोन माझ्या हातात दिला. मी सांगितलं, नाही हो श्रीमंतराव, तुम्ही नाही.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी,
विजयाआत्या